वाटाण्याच्या वाफ्यातील धर्मगुरू : मठाधिपती ग्रेगॉर मेंडेल

घरात बाळ जन्माला आले की पाहायला आलेली माणसे पाळण्यात डोकावून प्रथम एकच गोष्ट शोधतात. नाक आजोबांचे आहे, कपाळ आत्याचे आहे, डोळे मात्र आजोळचे आहेत, असे निवाडे दिले जातात आणि घरभर आनंद पसरतो. पण तेच बाळ जन्मजात आजार घेऊन आले तर हाच कौतुकाचा प्रश्न आरोपाचे रूप घेतो. हा दोष कुणाच्या घराण्याचा? आईने काही पथ्य मोडले का? कुणाचे पाप भोवले? जन्मांध मनुष्याला पाहून प्रभू येशूच्या शिष्यांनीही नेमके हेच विचारले होते. प्रभूने मात्र त्या मनुष्यावर वा त्याच्या आईबापांवर पापाचा ठपका ठेवण्यास नकार दिला, हे संत योहानच्या शुभवर्तमानाचे वाचक जाणतात.

आईबापांकडून लेकरांकडे काय येते आणि ते कोणत्या नियमाने येते, याचे पहिले खात्रीलायक उत्तर जगाला एका कॅथलिक धर्मगुरूने दिले. त्यांनी ते एखाद्या मोठ्या विद्यापीठात नव्हे, तर मठाच्या आवारातील वाटाण्याच्या वाफ्यात शोधले. ग्रेगॉर मेंडेल हे त्यांचे नाव. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात ते आपल्याला भेटलेले असतात, परंतु तेथे गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या चौकटींमागे एक व्रतस्थ जीवन उभे आहे, याची जाणीव बहुधा होत नाही. त्या जीवनाचा परिचय करून देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

शेतकऱ्याचा मुलगा

त्या काळी ऑस्ट्रियन साम्राज्यात आणि आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या हिंचित्से या लहानशा खेड्यात जुलै १८२२ मध्ये एका जर्मन भाषिक शेतकरी कुटुंबात या मुलाचा जन्म झाला. स्नानसंस्काराच्या वेळी त्याचे नाव योहान ठेवण्यात आले. वडील आंतोन सैन्यात नोकरी करून परतलेले कष्टाळू शेतकरी होते. स्वतःची शेती सांभाळून आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराकडे वेठीला राबणे त्यांना भाग होते. आई रोझिना माळीकाम करणाऱ्या घरातील होती. व्हेरोनिका ही थोरली आणि तेरेझिया ही धाकटी, अशा दोन बहिणी योहानला होत्या.

त्या धर्मग्रामाचे प्रमुख फादर योहान श्रायबर यांना फळझाडांची विशेष आवड होती. चांगल्या जातीची कलमे कशी बांधावीत, हे ते गावकऱ्यांना शिकवीत. योहानची बुद्धी लक्षात आल्यावर त्याला पुढील शिक्षणासाठी पाठवावे, असा आग्रह त्यांनीच धरला. एकुलता एक मुलगा शेती सोडून शिकायला जाणे आंतोनला परवडणारे नव्हते, तरीही १८३३ मध्ये योहान लिप्निकच्या शाळेत आणि पुढील वर्षी ओपावा येथील विद्यालयात दाखल झाला. पूर्ण जेवणाचे पैसे भरण्याची ऐपत नसल्याने तेथे त्याने अर्ध्या खानावळीवर दिवस काढले.

१८३८ मध्ये जमीनदाराच्या रानात काम करीत असताना लाकडाचा ओंडका छातीवर आदळून आंतोन जायबंदी झाले. घरून येणारी मदत आटली. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवू लागला. पुढे ओलोमोउत्स येथे तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेताना ही ओढाताण असह्य होऊन त्याने अंथरूण धरले आणि त्याला घरी परतावे लागले. त्या वेळी धाकट्या तेरेझियाने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतील काही वाटा भावाच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. त्या आधारावर योहानने ओलोमोउत्सचे शिक्षण पूर्ण केले. मेंडेल हे ऋण कधी विसरले नाहीत. पुढे तेरेझियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हात दिला आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

मठाचा उंबरठा

ओलोमोउत्स येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रिडरिश फ्रान्झ यांच्या शिफारशीने योहान ९ ऑक्टोबर १८४३ रोजी ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. तेथे त्याला ग्रेगॉर हे नाव मिळाले. पोटापाण्याच्या सततच्या काळजीतून सुटका व्हावी, हेही मठाकडे वळण्यामागचे एक कारण होते, अशी कबुली पुढे मेंडेल यांनी स्वतःविषयीच्या टिपणात मोकळेपणाने दिली. आम्हांला त्यात कमीपणा वाटत नाही. परमेश्वराचे पाचारण माणसाच्या गरजेच्या वाटेनेही येते, आणि कसे आले यापेक्षा त्याला कसा प्रतिसाद दिला, याला अधिक मोल असते.

मठाधिपती सिरिल नाप हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. मठात समृद्ध ग्रंथालय होते, वनस्पतींचा संग्रह होता, संगीत होते आणि शेतीसुधारणेचा ध्यास होता. मठातील अनेक व्रतस्थ शहरातील शाळांत अध्यापन करीत. विद्यार्जन हा उपासनेला पर्याय नसून उपासनेचेच एक अंग आहे, अशी तेथील धारणा होती. ईशज्ञानाचा अभ्यास करीत असतानाच ६ ऑगस्ट १८४७ रोजी ग्रेगॉर मेंडेल यांना गुरुदीक्षा मिळाली.

नापास झालेला शिक्षक

धर्मग्रामातील सेवेचा भाग म्हणून रुग्णांना भेटी देण्याचे काम तरुण फादर ग्रेगॉर यांच्याकडे आले. मरणासन्न माणसांच्या वेदना पाहून ते इतके व्याकूळ होत की स्वतःच आजारी पडले. मठाधिपती नाप यांनी त्यांना दोष दिला नाही. या माणसाचे दान निराळे आहे, हे ओळखून त्यांनी १८४९ मध्ये मेंडेल यांना झ्नोइमो येथील शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवले. मेंडेल तेथे उत्तम शिकवू लागले. परंतु कायम शिक्षक होण्यासाठी असलेल्या १८५० सालच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. ज्यांच्या नावाने पुढे जीवशास्त्रातील एक शाखा ओळखली जाणार होती, त्यांची उत्तरे परीक्षकांना निसर्गविज्ञानातच अपुरी वाटली.

या अपयशातून एक दार उघडले. पाया पक्का व्हावा म्हणून मठाने त्यांना १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे ख्रिश्चन डॉपलर यांच्याकडून प्रयोगाची शिस्त, आन्द्रेयास फॉन एटिंग्सहाउझेन यांच्याकडून गणिती मांडणी आणि फ्रान्झ उंगर यांच्याकडून वनस्पतींचे नवे विज्ञान त्यांनी आत्मसात केले. निसर्गाचे निरीक्षण करणारे अनेक होते, पण निरीक्षणाची मोजदाद करून त्या आकड्यांमधून नियम शोधण्याची सवय वनस्पतिशास्त्रात दुर्मिळ होती. मेंडेल ही सवय घेऊन ब्रनोला परतले. १८५६ मध्ये त्यांनी शिक्षकपदाची परीक्षा पुन्हा देऊन पाहिली, पण ती पार पडली नाही. अखेरपर्यंत ते बदली शिक्षकच राहिले. त्याच वर्षी त्यांनी वाटाण्याचे प्रयोग सुरू केले.

वाटाण्याचा वाफा

आईबापांचे गुण संततीत दूध आणि पाण्यासारखे मिसळतात, अशी त्या काळातील बहुतेकांची समजूत होती. खाण तशी माती, ही आपल्याकडील म्हण अनुभवाला धरून आहे. पण उंच बापाचा मुलगा ठेंगणा का निघतो, किंवा आईबापांत न दिसणारी आजीची एखादी खूण नातीत कशी उमटते, याचा उलगडा त्या समजुतीने होत नव्हता.

मेंडेल यांनी वाटाणा निवडला तो विचारपूर्वक. वाटाण्याचे फूल मिटलेले असते आणि स्वतःच्याच परागाने त्याला फळ धरते. त्यामुळे बाहेरचा पराग चुकून येण्याची भीती थोडी. त्यांनी बियाणे विकणाऱ्यांकडून ३४ वाण आणले, दोन वर्षे लावून त्यांची शुद्धता पारखली आणि त्यांतील २२ वाण पुढील कामासाठी ठेवले. मठाच्या आवारातील सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशी जमिनीची पट्टी त्यांची प्रयोगशाळा झाली. सात लक्षणे त्यांनी ठरवून घेतली : दाणा गोल की सुरकुतलेला, आतील डाळ पिवळी की हिरवी, दाण्याची साल रंगीत की पांढरी, शेंग फुगीर की दाण्यांमध्ये आवळलेली, कच्ची शेंग हिरवी की पिवळी, फुले खोडालगत की शेंड्याला आणि झाड उंच की बुटके.

हे काम चिकाटीचे होते. फूल उमलण्यापूर्वी कळी अलगद उघडायची, चिमट्याने तिच्यातील दहाही पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीवर लावायचा आणि फुलाला पिशवी बांधायची. मग शेंग धरण्याची, ती वाळण्याची, दाणे मोजण्याची आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरण्याची वाट पाहायची. १८५६ ते १८६३ या काळात सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली. मठातील नित्यक्रम आणि शाळेतील तास सांभाळून हे सारे चालले होते.

लपलेले म्हणजे नाहीसे झालेले नव्हे

गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती जणू पुसली गेली. दुसरा कुणी येथेच थांबला असता. मेंडेल यांनी ते गोल दाणे पुन्हा पेरले आणि त्यांच्या झाडांना स्वतःच्याच परागाने फळ धरू दिले. पुढच्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले. त्यांपैकी ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. हरवलेली सुरकुती जशीच्या तशी परत आली होती आणि तिचे प्रमाण जवळजवळ तिनास एक होते. डाळीच्या रंगाबाबतही तसेच घडले. ८,०२३ दाण्यांत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे निघाले. सातही लक्षणांचा हिशेब तिनास एकच्या आसपास येत होता.

यावरून मेंडेल यांनी जो अर्थ काढला तो साधा आणि सखोल आहे. प्रत्येक लक्षणासाठी झाडात दोन घटक असतात, एक मातृफुलाकडून आलेला आणि एक परागाकडून. बीजपेशी तयार होताना ते दोन घटक विलग होतात आणि प्रत्येक बीजपेशीत त्यांतील एकच जातो. घटक एकमेकांत विरघळत नाहीत. गोलपणाचा घटक प्रभावी आहे, तो एकटा असला तरी दिसतो. सुरकुतीचा घटक अप्रभावी आहे, तो दोन्हीकडून आला तरच दिसतो. संकरित झाडात दोन्ही घटक असल्याने त्याच्या संततीत चार जोड्या सारख्याच संभवतात : गोल-गोल, गोल-सुरकुती, सुरकुती-गोल आणि सुरकुती-सुरकुती. पहिल्या तिन्ही जोड्यांचा दाणा गोल दिसतो आणि चौथीचा सुरकुतलेला. तिनास एक या प्रमाणाचे रहस्य इतकेच आहे.

हा तर्क खरा असेल तर गोल दिसणाऱ्या तीन दाण्यांपैकी दोघांच्या पोटात सुरकुती लपलेली असली पाहिजे. मेंडेल यांनी तेही तपासले. दुसऱ्या पिढीतील गोल दाण्यांपासून वाढवलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांनी केवळ गोल दाणे दिले, तर ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारचे. म्हणजे जवळजवळ एकास दोन. वरून सारखे दिसणारे दाणे आतून सारखे नव्हते.

दोन लक्षणे एकत्र घेतली तेव्हा आणखी एक नियम हाती आला. गोल-पिवळा आणि सुरकुतलेला-हिरवा यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील ५५६ दाण्यांत ३१५ गोल-पिवळे, १०१ सुरकुतलेले-पिवळे, १०८ गोल-हिरवे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे निघाले. हे प्रमाण नऊ, तीन, तीन, एक असे येते. एका लक्षणाचा घटक कोठे गेला, याचा दुसऱ्या लक्षणाच्या वाटपाशी संबंध नव्हता. पुढील संशोधनाने या नियमाला मर्यादा घातली. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेले घटक पुष्कळदा सोबतच जातात. उंची, त्वचेचा वर्ण यांसारखी माणसाची लक्षणे तर अनेक घटकांच्या आणि परिस्थितीच्या मेळातून घडतात. मेंडेल यांचे आकडे अपेक्षित प्रमाणाच्या फारच जवळ आहेत, अशी शंकाही सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये उपस्थित केली आणि तिच्यावर दीर्घकाळ वाद झाला. पण मूळ नियम जगभरच्या प्रयोगांत पुनःपुन्हा खरा ठरला आहे.

ऐकले, पण उमगले नाही

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर मेंडेल यांनी आपले काम दोन व्याख्यानांतून मांडले. १८६६ मध्ये ते मंडळाच्या वार्षिकात छापून आले. तो अंक शंभराहून अधिक संस्थांकडे गेला. मेंडेल यांनी आपल्या निबंधाच्या ४० प्रती स्वतंत्रपणे काढून घेतल्या आणि काही विद्वानांना पाठवल्या. जगाने मात्र दखल घेतली नाही. चार्ल्स डार्विन यांचे ग्रंथ मेंडेल यांनी जर्मन अनुवादातून बारकाईने वाचले होते, परंतु मेंडेल यांचा निबंध डार्विन यांनी वाचल्याचा पुरावा नाही. आनुवंशिकतेचे कोडे दोघांनाही पडलेले होते, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात ब्रनोच्या वार्षिकात छापून पडली होती.

म्युनिकचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्याशी मेंडेल यांचा १८६६ ते १८७३ पर्यंत पत्रव्यवहार झाला. नेगेली हे स्वतः हायरॅशियम नावाच्या रानफुलावर काम करीत होते. मेंडेल यांनीही तेच हाती घेतले आणि त्यांची फुले अत्यंत बारीक असल्याने डोळ्यांना ताण येईपर्यंत काम केले. पण वाटाण्याचा नियम तेथे दिसेना. या वनस्पतीत पुष्कळदा परागाशिवायच बी धरते, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. ज्या पुराव्याने त्यांचा शोध पक्का व्हायचा, त्यानेच त्याच्यावर सावली धरली. मेंडेल यांनी हा विपरीत निकालही लपवला नाही. १८६९ मध्ये त्यांनी तो मंडळासमोर मांडला. हा प्रामाणिकपणा आम्हांला त्यांच्या यशाइतकाच थोर वाटतो.

मठाधिपतीची जबाबदारी

मठाधिपती नाप यांच्या निधनानंतर ३० मार्च १८६८ रोजी मठबंधूंनी मेंडेल यांची मठाधिपती म्हणून निवड केली. शाळा सुटली आणि प्रयोगांसाठी वेळ मिळेनासा झाला. तरीही मधमाश्यांचे पालन, फळझाडांची जोपासना आणि हवामानाच्या दैनंदिन नोंदी त्यांनी सोडल्या नाहीत. ऑक्टोबर १८७० मध्ये ब्रनोवर आलेल्या चक्रीवादळाचे त्यांनी केलेले वर्णन हवामानशास्त्रात आजही उल्लेखले जाते. जन्मगावात अग्निशमन केंद्र उभारण्यासाठी त्यांनी देणगी दिली.

१८७४ च्या कायद्याने सरकारने मठांवर नवा कर बसवला. हा कर अन्यायाचा आहे, असे मेंडेल यांचे ठाम मत होते. त्यांनी तो भरण्यास नकार दिला. मठाची मालमत्ता जप्त होण्याची वेळ आली, अनेक स्नेही दुरावले, तरी त्यांनी माघार घेतली नाही. हा तंटा त्यांच्या हयातीत मिटला नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांनी प्रभूच्या ठायी विसावा घेतला. अंत्यविधीच्या संगीताची जबाबदारी पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेओश यानाचेक यांनी सांभाळली. गोरगरिबांचा कनवाळू आधार गेला म्हणून शहर हळहळले. एक महान शास्त्रज्ञ गेला, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नव्हते. त्यांच्या कागदपत्रांचा बराच भाग मागाहून जाळण्यात आला.

चौतीस वर्षांनंतर

सुरकुती जशी एक पिढी लपून पुन्हा प्रकटली, तसेच मेंडेल यांच्या कार्याचे झाले. १९०० मध्ये नेदरलँड्सचे ह्यूगो द व्रीज, जर्मनीचे कार्ल कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे एरिक फॉन चेर्माक यांनी स्वतंत्रपणे केलेल्या कामातून हेच नियम पुढे आले. शोधाशोध करताना, ३४ वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने हे सारे लिहून ठेवले आहे, असे दिसून आले. कोरेन्स हे नेगेलींचेच विद्यार्थी होते. मेंडेल यांनी नेगेलींना लिहिलेली पत्रे त्यांनीच १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी या विचाराचा प्रसार केला. १९०९ मध्ये डेन्मार्कचे विल्हेल्म योहानसेन यांनी मेंडेल यांच्या घटकाला जीन हे नाव दिले. त्यालाच आपण मराठीत जनुक म्हणतो. १९९० मध्ये सुरकुतलेल्या दाण्याचे कारणही सापडले. पिष्ट तयार करण्यास लागणाऱ्या एका जनुकात बिघाड असल्याने त्या दाण्यात साखर व पाणी अधिक राहते, आणि वाळताना तो आक्रसतो.

मेंडेल यांच्या मठाने पुढे वाईट दिवस पाहिले. सोव्हिएत संघात १९४८ मध्ये मेंडेल यांच्या विज्ञानावर अधिकृत बहिष्कार पडला. चेकोस्लोव्हाकियातील साम्यवादी राजवटीने १९५० मध्ये हा मठ बंद केला. १९६५ मध्ये, त्या दोन व्याख्यानांच्या शताब्दीला, ब्रनोमध्ये पुन्हा त्यांचा जाहीर गौरव झाला. १९८४ मध्ये त्यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना आदरांजली वाहिली. २०२१ मध्ये ब्रनोच्या दफनभूमीत त्यांचे अवशेष उकरून तपासण्यात आले आणि जन्माच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या स्वतःच्या जनुकांचा आराखडा वाचला गेला.

ज्ञानाचा दुरुपयोग

मेंडेल यांच्या नियमांचा आधार घेऊन काहींनी माणसांचीच निवड करण्याचा घाट घातला. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. जर्मनीत नाझी राजवटीने जुलै १९३३ मध्ये तसाच कायदा केला आणि सुमारे ४ लाख माणसांची जबरदस्तीने नसबंदी झाली. त्याआधीच, ३१ डिसेंबर १९३० रोजी, पोपमहोदय अकरावे पायस यांनी विवाहविषयक आपल्या परिपत्रात अशा सक्तीचा स्पष्ट निषेध केला होता. खरे पाहता मेंडेल यांचा नियमच या क्रूरतेचे खंडन करतो. अप्रभावी घटक बहुतांशी निरोगी दिसणाऱ्या माणसांमध्येच लपलेले असतात. आपण प्रत्येक जण असे काही घटक घेऊन जगत असतो. शुद्ध आणि अशुद्ध अशी माणसांची विभागणी निसर्गाला ठाऊक नाही.

आपल्या घरातील प्रश्न

आता आरंभीच्या पाळण्याकडे परत वळू या. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, पालघर यांसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी बांधवांमध्ये, सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. तो वाटाण्याच्या सुरकुतीप्रमाणेच उतरतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे एक सदोष आणि एक निर्दोष जनुक असेल, तर दोघेही सामान्यतः धडधाकट दिसतात. परंतु प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक, बाळ केवळ वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. थॅलेसेमियाचेही असेच आहे. वाहक आहोत की नाही, हे रक्ताच्या तपासणीने कळते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचा भर अशा तपासणीवर व विवाहपूर्व सल्ल्यावर आहे.

सख्ख्या चुलत, मामे, आते वा मावस भावंडांचा विवाह ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विशेष परवानगीवाचून होऊ शकत नाही. हा नियम जनुकांचा शोध लागण्यापूर्वीपासूनचा आहे आणि त्याची कारणे वेगळी आहेत. पण मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आपल्या समाजात अनेक ठिकाणी रूढ असल्याने, एकाच आजी-आजोबांकडून आलेला लपलेला घटक दोन्ही बाजूंनी बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता अशा विवाहात वाढते, हे तरुणांना सांगणे आवश्यक आहे. विवाहपूर्व मार्गदर्शनात प्रार्थना आणि संस्कार यांच्या जोडीला अर्धा तास या विषयाला मिळावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

आणखी एक अन्याय या विज्ञानाने उघडा पाडला आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावला जातो. बाळाचे लिंग गुणसूत्रांवर अवलंबून असते, हे नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते. वडिलांकडून एक्स आले तर मुलगी आणि वाय आले तर मुलगा. यात आईचा दोष नाही, आणि वडिलांचाही नाही, कारण कोणते गुणसूत्र जावे हे कुणाच्याच हाती नसते. कन्या ही तर परमेश्वराची देणगीच आहे. तेथे दोषाचा शब्दच अस्थानी आहे.

फादर मेंडेल यांना आजारी माणसाच्या खाटेजवळ उभे राहणे सोसत नव्हते. म्हणून त्यांना तेथून दूर शाळेत पाठवण्यात आले आणि तेथून ते वाटाण्याच्या वाफ्यापर्यंत पोहोचले. त्याच वाफ्यातून आलेले ज्ञान आज कितीतरी आजारी बालकांच्या खाटेपर्यंत पोहोचले आहे. जे काम त्यांना प्रत्यक्ष जमले नाही, ते प्रभूने त्यांच्याकडून दुसऱ्या वाटेने करवून घेतले, अशी आमची श्रद्धा आहे. आपल्या आसपास जन्मजात व्याधी असलेले एखादे लेकरू असेल, तर या पुढे कुणाच्या पापाची वा घराण्याची चौकशी न करता त्या घरी जाऊन बसावे, त्या आईचा हात हाती घ्यावा आणि आपल्याला काय करता येईल एवढेच विचारावे. ब्रनोच्या त्या नम्र मठाधिपतीला याहून योग्य आदरांजली आम्हांला सुचत नाही.